सुई आणि स्मृति

घरांतील वडील माणसाला आपल्याच मुलाचें नांव आठवेनासें झालें म्हणजे घरचे लोक कोणाकोणाचे उंबरठे झिजवितात, हें मीं निराळें सांगावयास नको. डॉक्टर होतात, वैद्य होतात, देवदेवस्की होते, आणि मग कोणी तरी सुचवितें कीं, "चिनी सुयांचा उपचार एकदां करून पाहा." हा अॅक्युपंक्चर, म्हणजे सूचिवेध, आला कोठून आणि विस्मृतीच्या रोगाशीं त्याचा संबंध कितपत आहे, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

सूचिवेधाचा आद्य ग्रंथ चीनमध्यें 'पीतसम्राटा'च्या नांवावर मोडतो. तो सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं संकलित झाला. 'ची' नांवाची प्राणशक्ति शरीरांत ठराविक मार्गांनीं वाहते. तिचा ओघ अडला कीं रोग उद्भवतो आणि मार्गावरील योग्य बिंदूंत सुई टोंचली कीं ओघ मोकळा होतो, अशी ही उपपत्ति. मनाचें ठाणें त्यांनीं हृदयांत मानलें. आपल्या चरकानेंहि चेतनेचें स्थान हृदयच सांगितलें आहे. म्हणून मनाच्या विकारांसाठीं मनगटावरील 'शेन्मेन', म्हणजे मनाचें द्वार, हा बिंदु ठरला. टाळूवरील बिंदु 'बाइह्वेइ', म्हणजे शतसंगम. स्मृतीसाठीं सुया टोंचणारे आजहि बहुधा हेच बिंदु निवडतात.

विस्मृति ही तक्रार जुनीच आहे. सातव्या शतकांतील सुन् सिम्याव ह्या वैद्यानें तिच्यावर एक चूर्ण सांगितलें. त्यांत जिनसेंग आहे आणि आपल्या वेखंडाच्या जातीची एक मुळीहि आहे. आपल्याकडे बाळाच्या वाचेसाठीं वेखंड उगाळणाऱ्या आज्यांना हें ऐकून नवल वाटणार नाहीं!

मला सर्वांत रंजक वाटते ती हकीकत इ. स. १०२७ ची. सुंग दरबारच्या वांग वेइ-यी नामक वैद्यानें पुरुषाकृति कांशाचे दोन पुतळे ओतविले व त्यांवर सूचिबिंदूंचीं छिद्रें पाडविलीं. परीक्षेच्या वेळीं पुतळ्यास मेण फांसून आंत पाणी भरीत, असें सांगतात. विद्यार्थ्याची सुई अचूक बसली तर पाणी बाहेर येई, चुकली तर कोरडीच राही. इतकी निर्विवाद परीक्षा मला सगळ्या नोकरींत कधीं घेतां आली नाहीं. तथापि ह्या परीक्षेंत सुई बिंदूवर बसली कीं नाहीं, एवढेंच कळे; रोगी बरा झाला कीं नाहीं, हें पुतळा सांगत नसे. आणि तें पुढें कित्येक शतकें कोणी नीट विचारलेंहि नाहीं.

विद्येचें बरेंवाईट राजाज्ञेनें ठरत गेलें. १८२२ सालीं दावग्वांग बादशहानें राजवैद्यकशाळेंतून सूचिवेधाचा विभागच काढून टाकिला. राजाच्या अंगाला सुई टोंचणें हें अनुचित ठरलें. १९४९ नंतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या नव्या राजवटीनें तीच विद्या पुन्हां उचलून धरली. ह्या टप्प्यावर आपला एक धागा येतो. १९३८ सालीं चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शस्त्रवैद्य, १९४२ सालीं तेथेंच वारले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू हे पुढें पुन्हां चीनला जाऊन सूचिवेध शिकले व १९५९ च्या सुमारास त्यांनीं कलकत्त्यास तो सुरू केला.

पाश्चात्त्यांत ह्या विद्येचा बोलबाला १९७१ सालीं झाला. जेम्स रेस्टन ह्या अमेरिकन पत्रकाराचें पेकिंग येथें आंत्रपुच्छ काढलें. शस्त्रक्रिया नेहमींच्या बधिर करणाऱ्या औषधानेंच झाली. सुया टोंचल्या त्या मागाहून, पोट फुगलें म्हणून. परंतु सुयांच्या बळावरच पोट फाडलें, असा समज पुष्कळांचा झाला, आणि तो अजून पुरता गेलेला नाहीं.

आतां मूळ प्रश्न. १९०६ सालीं आलॉइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरानें एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मेंदूंत सांचलेले कण व गुंतलेले तंतु दाखवून दिले. रोग हृदयांत नाहीं, मेंदूच्या पेशींच्या नाशांत आहे. मग सुईनें काय साधतें? मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानें येणाऱ्या स्मृतिभ्रंशावर सूचिवेधाचे जे प्रयोग झाले, त्यांची छाननी कोक्रेन ह्या संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या कसोटीस एकहि प्रयोग उतरला नाहीं. त्यानंतर, मुख्यतः चीनमध्यें, पुष्कळ प्रयोग झाले. कांहींत स्मरणाच्या चाचणींत थोडे अधिक गुण मिळाले. परंतु बहुतेक प्रयोग लहान, आणि रचनेनें कच्चे. रोगाची वाट सुईनें रोखल्याचें सिद्ध झालेलें नाहीं.

अडचणहि खरी आहे. खोटी गोळी करणें सोपें, खोटी सुई कशी करावयाची? १९९८ सालीं जर्मनींत नाटकांतल्या खोट्या सुरीसारखी, टोंचतांना मागें सरकणारी सुई निघाली, तेव्हां कोठें तुलना शक्य झाली. शिवाय सुया टोंचणारा मनुष्य अर्धा तास रोग्याजवळ शांतपणें बसतो. गुण सुईचा कीं त्या सहवासाचा?

म्हणून ह्याला पूरक उपचार म्हणावयाचें, म्हणजे डॉक्टरचें औषध न सोडतां सोबतीला. गुडघा-पाठ दुखत असेल तर थोडा आराम पडण्याचा संभव आहे, आणि दुखणें सांगतां न येणाऱ्या वृद्धाला तोहि थोडका नव्हे. सुई प्रत्येक वेळीं नवी, निर्जंतुक असावी. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असेल तर आधीं डॉक्टरला विचारावें. आणि आपल्याला कोण, कशासाठीं टोंचीत आहे हें न कळून म्हातारबुवांनीं हात मागें ओढला, तर त्या दिवशीं सुया डब्यांतच राहूं द्याव्या.