ज्येष्ठमधाची गोळी

१७ सप्टेंबर १९६७. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये बारा तासांची सायकल शर्यत चालू होती. या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण ठरावीक अंतराने निघतो. बारा तासांत जो सर्वांत लांब जाईल तो जिंकला. पुरुषांमधला शेवटचा, माइक मॅकनमारा, निघाला आणि दोन मिनिटांनी बेरिल बर्टन निघाली. वय ३०, घरी अकरा वर्षांची लेक.

मॅकनमारा त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडायच्या वेगात होता. पण साडेतीनशेहून जास्त किलोमीटर झाल्यावर बेरिलने त्याला गाठलं. काही न बोलता पुढे जायचं तिच्या जिवावर आलं. तिने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. ती पुढे गेली.

संध्याकाळी हिशेब झाला. तो २७६.५२ मैल, ती २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर. पुरुषांचा नवा विक्रम त्याच्या नावावर लागला, पण त्याहून मोठा आकडा एका बाईचा होता. पुरुषांना तो ओलांडायला १९६९ उजाडलं. बायकांमध्ये तो २०१७पर्यंत टिकला.

ही बाई शेतात राबायची. लीड्सजवळ रूबार्ब नावाच्या आंबट देठांच्या भाजीचं पीक घेतात. तिथे ती खोदकाम, उचलठेव करायची. लहानपणी संधिज्वराने तिला कित्येक महिने दवाखान्यात ठेवलं होतं. दगदग करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सायकलचा नाद लावला तो नवऱ्याने, चार्लीने.

पुढे ट्रॅकवरच्या परस्यूट शर्यतीत पाच आणि रस्त्यावरच्या शर्यतीत दोन अशी सात विश्वविजेतेपदं तिने मिळवली. ब्रिटनची सर्वोत्तम अष्टपैलू सायकलपटू ती १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षं होती. व्यावसायिक कराराचा प्रस्ताव आला, तो तिने नाकारला आणि हौशीच राहिली. ऑलिंपिकचं म्हणाल, तर तिथे बायकांची सायकल शर्यत पहिल्यांदा झाली १९८४मध्ये. तेव्हा ती ४७ वर्षांची होती.

आता तिची दुसरी बाजू. १९७६च्या राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या धावेत तिला एका मुलीने हरवलं. ती तिचीच लेक, डेनिस. आईने बक्षीस समारंभात लेकीशी हात मिळवला नाही. आपण बराच वेळ पुढे राहून वारा झेलला आणि हिने मागून फायदा घेतला, असं तिला वाटलं होतं. ते वागणं खिलाडूपणाचं नव्हतं, हे नंतर तिने स्वतःच कबूल केलं.

मॅकनमाराला गोळी देणारी आणि लेकीला हात न देणारी बाई एकच. आपण पहिली गोष्ट आवडीने सांगतो, दुसरी गाळतो. पण पैसा नाही, ऑलिंपिक नाही, अशा खेळात तिच्याजवळ फक्त जिंकणं होतं. ते घरातल्याच माणसाला देऊन टाकणं तिला जमलं नाही.

५ मे १९९६ला, ५९व्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, ती आमंत्रणं वाटायला निघाली होती. सायकलवरच. वाटेत हृदय बंद पडलं.