पलंगाखालची पेटी

शिकागोच्या दक्षिण भागातील एका मॅकडोनाल्ड्समध्ये ११ जानेवारी १९८२ रोजी सुरक्षारक्षकाचा खून झाला आणि त्या गुन्ह्यात ऑल्टन लोगन पकडला गेला. पुढच्याच महिन्यात दोन पोलिसांच्या खुनात अटक झालेल्या अँड्र्यू विल्सनने, त्या सुरक्षारक्षकाला आपणच मारल्याचे डेल कॉव्हेंट्री आणि जेमी कुन्झ या आपल्या वकिलांपाशी कबूल केले. हे दोघे सरकारी खर्चाने मिळालेले बचावाचे वकील होते. विल्सनवर आधीच मृत्युदंडाची टांगती तलवार होती. ही कबुली फोडणे म्हणजे आपल्याच अशिलाला फासाकडे ढकलणे. मार्चमध्ये त्यांनी लोगन निर्दोष असल्याचे प्रतिज्ञापत्र केले, नोटरीसमोर सह्या केल्या, लिफाफा मोहोरबंद करून धातूच्या पेटीत ठेवला आणि ती पेटी कॉव्हेंट्रींच्या पलंगाखाली गेली. आपण मेल्यावर सांगायला हरकत नाही, एवढीच मोकळीक विल्सनने दिली. नोव्हेंबर २००७ मध्ये तो तुरुंगात वारला, एप्रिल २००८ मध्ये लोगन बाहेर आला. मधली २६ वर्षे गेली ती गेलीच.

या दोन वकिलांवर संताप येणे स्वाभाविक आहे, पण दोष अशिलाचे गुपित जपायला लावणाऱ्या नियमाचा आहे. लोगनला मृत्युदंड झाला तर तोंड उघडायचे, असे त्यांनी ठरवले होते. ज्यूरीतील दोघांनी नकार दिल्यामुळे शिक्षा जन्मठेपेवर आली आणि पेटी बंदच राहिली. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांनीही २००२ मध्ये हीच रेषा आखली: कुणाचा मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा टाळण्यासाठी गुपित उघड करता येईल. तुरुंगात कुजणारे आयुष्य त्यात बसत नाही. एकदा निरपराधाच्या जिवासाठी गुपिताला अपवाद मान्य केला, की त्याच्या आयुष्याची २६ वर्षे त्याहून हलकी कशी ठरतात, याचे पटणारे उत्तर मला कुठे दिसत नाही.

इतिहास पाहिला तर वकील-अशील गुप्ततेचे हे तत्त्व कधीच अचल नव्हते. एलिझाबेथच्या काळातील इंग्लंडमध्ये ते मुख्यतः वकिलाच्या शपथेशी आणि प्रतिष्ठेशी जोडलेले होते. अठराव्या शतकात ते अशिलाच्या गरजेवर उभे राहू लागले. तोच विचार १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये आला. ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा’ असे सांगणाऱ्या अशिलाला त्यातील उदाहरणाने संरक्षण दिले. बेकायदा हेतूने केलेल्या संभाषणाला मात्र नाही. आज तीच तरतूद त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी आत बसलेल्या माणसाचा उल्लेख तेव्हाही नव्हता, आताही नाही.

अपवाद केला तर अशील बोलणारच नाहीत, मग वकिलाला सत्य कळणारच कसे, हा आक्षेप वजनदार आहे. विल्सन बोलला तो विश्वासामुळेच. पण तो विश्वास मुख्यतः आपले शब्द आपल्यावर उलटणार नाहीत याचा असतो, आणि तेवढे संरक्षण कायद्याने देता येते. मॅसॅच्युसेट्सच्या नियमांत चुकीचा कारावास टाळण्यासाठी उघड करण्याची मुभा आहे. पण नुसती मुभा अपुरी. नॉर्थ कॅरोलायनात स्टेपल्स हग्ज या वकिलाने आपल्या अशिलाच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये कोर्टात सांगितले, की खून त्या अशिलाने एकट्यानेच केले होते, त्यासाठी तुरुंगात असलेला ली वेन हंट त्यात नव्हता. न्यायाधीशांनी वकिलाचीच तक्रार स्टेट बारकडे केली, आणि हंट सुटला नाही. म्हणून दोन तरतुदी एकत्र हव्यात: निरपराधाच्या सुटकेसाठी ही माहिती कोर्टाने पुरावा म्हणून स्वीकारावी, आणि तीच माहिती, किंवा तिच्या आधारे मिळालेला पुरावा, कबुली देणाऱ्याविरुद्ध वापरता येऊ नये. यात सरकार पक्षाला एखादा खटला गमवावा लागेल, खऱ्या खुन्याला शिक्षा होणार नाही आणि मृताच्या घरच्यांना ते असह्य वाटेल. तरी ही किंमत सरकारने सोसावी, कारण चुकीचा माणूस आत टाकला तो सरकारनेच.