भिंत कुणाची, नाव कुणाचं?

दिवाळी जवळ आली की आपण सगळ्याजणी पोतेरं घेऊन बसतो. शेणानं जमीन सारवायची, भिंतीला गेरू नाहीतर पांढरी माती लावायची, उंबऱ्याशी रांगोळी काढायची. आपल्या आज्यांनी हेच केलं, आयांनी हेच केलं. पण त्याला कुणी कला म्हटलं नाही आणि त्याखाली कुणाचं नाव लिहिलं नाही. आज आम्ही अशाच दोन भिंतींची गोष्ट सांगणार आहोत.

पहिली भिंत बिहारमधल्या मिथिला भागातली. तिथे लग्नघरात नवरानवरीच्या खोलीला कोहबर म्हणतात. तिच्या भिंतीवर बायका कमळ, बांबू, मासे, पोपट काढतात. १९३४ च्या जानेवारीत मोठा भूकंप झाला, घरं पडली. पाहणीला आलेल्या विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांत ही चित्रं दिसली. पुढे १९६६-६७ च्या सुमारास बिहारात दुष्काळ पडला. घरात चार पैसे यावेत म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला तिकडे पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर काढायला सांगितलं. चित्रं विकली गेली. पैसा बाईच्या हातात आला, नावही झालं. १९७५ साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली, नंतर सीता देवी आणि गंगा देवींनाही.

दुसरी भिंत आपल्याकडची, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरची. कुडाची भिंत सारवून तिला गेरू द्यायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीनं लग्नाचा चौक काढायचा. चौकात पालघट देवी. हा मान सवासिणींचा, आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच.

१९७० नंतर तेच कुलकर्णी कागद घेऊन इथेही आले. बायका बुजल्या, असं सांगतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी मात्र कागद हाती घेतला. त्यांचा हात विलक्षण होता. शेत, मासेमारी, तारपा नाच, सगळं त्यांनी चित्रात आणलं आणि वारली चित्र जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी मिथिलेच्या महासुंदरी देवींनाही मिळाली.

म्हसेबाबांचा आम्हाला अभिमानच आहे. पण भिंत होती तोवर जे बायकांचं काम होतं, त्याला बाजारात किंमत आल्यावर पुष्कळसं पुरुषांच्या नावावर गेलं. बाईला येत नव्हतं म्हणून नव्हे. कागदाला रिकामा वेळ लागतो, बाजाराला शहराची वाट लागते. पाणी, सरपण, लेकरं सांभाळून तिला ती वाट कुठून सापडणार? मिथिलेत कागद थेट बायकांच्या हातात पडला, तिथे गोष्ट वेगळी झाली.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला एक वही आणूया. आपल्या गावात कोणती आजी कसला चौक काढते, कोणती काकू कोणती रांगोळी घालते, ते तिच्या नावासकट लिहून ठेवूया. आणि उद्या गटातून तोरण विकलं, पणती विकली, तर करणारीचं नाव त्यावर घालूया.