‘पाहुणे’ म्हणवलेले ओलीस

अरबीत पाहुण्याला ‘दैफ’ म्हणतात. उर्दूतला ‘ज़ियाफ़त’ हा शब्द त्याच कुळातला आहे. ज़ियाफ़त म्हणजे मेजवानी, पाहुणचार. हा शब्द मी वर्गात शिकवतो तेव्हा मुले बिर्याणीची आठवण काढून हसतात. मला मात्र दरवेळी १९९० चा ऑगस्ट आठवतो. त्या महिन्यात सद्दाम हुसेनच्या सरकारने हजारो परदेशी माणसांना देश सोडायला बंदी घातली आणि त्यांना नाव दिले ‘पाहुणे’.

ओलीस ठेवलेल्या माणसाला अरबीत ‘रहीना’ म्हणतात. मूळ शब्द ‘रहन’, म्हणजे गहाण. दागिना सावकाराकडे ठेवावा तसा माणूस ठेवायचा, आणि व्यवहार पुरा झाला की सोडवून न्यायचा. दैफ आणि रहीना, दोन्ही अरबीच शब्द. इराकच्या सरकारने दुसऱ्या शब्दावर पहिल्याचे पांघरूण घातले. ज्या समाजात घरी आलेल्याला इजा होऊ न देणे ही इज्जतीची गोष्ट मानतात, त्या समाजाच्या नावाने हे झाले. पुढे जानेवारी १९९१ मध्ये याच सद्दामने राष्ट्रध्वजावर ‘अल्लाहू अकबर’ लिहून घेतले. म्हणून आपण मुसलमानांनी तरी हा इतिहास परक्यांचा म्हणून बाजूला ठेवू नये.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवैतमध्ये घुसल्या. त्याच पहाटे ब्रिटिश एअरवेजचे एक विमान कुवैतला उतरले होते. लंडनहून निघून कुवैत, मद्रास आणि पुढे क्वालालंपूर असा त्याचा मार्ग होता. त्यातले ३६७ प्रवासी आणि १८ कर्मचारी तिथेच अडकले. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ करून इराकवर जवळपास संपूर्ण व्यापारबंदी लादली. औषधे आणि ‘मानवतावादी परिस्थितीत’ अन्न, एवढीच सूट होती. १८ ऑगस्टला ठराव ६६४ आला. सर्व परदेशी नागरिकांना ताबडतोब जाऊ द्या, अशी मागणी त्यात होती.

इराकने जाऊ दिले नाही. उलट शेकडो पाश्चात्त्य आणि जपानी माणसांना वीजकेंद्रे, तेलशुद्धीकरण कारखाने, धरणे, लष्करी तळ अशा ठिकाणी नेऊन ठेवले. हेतू उघड होता. अमेरिकेने बॉम्ब टाकला तर तो आधी यांच्यावर पडेल. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ३४ व्या कलमात ओलीस ठेवण्यावर सरळ बंदी आहे, आणि इराक त्या करारात सामील झालेला होता. २३ ऑगस्टला सद्दाम टीव्हीवर ब्रिटिश कुटुंबांसोबत बसलेला दिसला. एका लहान मुलाच्या केसांवरून हात फिरवत तो दूध प्यायला मिळते का, असे विचारत होता. मुलगा हाताची घडी घालून ताठ उभा होता. ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांना ‘पाहुणे’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. पाच दिवसांनी स्त्रिया आणि मुलांना सोडण्याची घोषणा झाली. पुरुष मागे राहिले.

दार कोणी ठोठवायचे?

इथून खरा पेच सुरू होतो. निर्बंधांचा तर्क असा की, इराकला सगळ्यांनी मिळून एकटे पाडायचे. कोणी व्यापार करायचा नाही, कोणी सौदा करायचा नाही. आज एकाने आपली दहा माणसे सोडवून आणली, तर उद्या दुसरा जाईल, परवा तिसरा. फळी फुटेल आणि माणसे पकडणे हा फायद्याचा धंदा ठरेल. ऑक्टोबरच्या शेवटी रोममध्ये युरोपीय समुदायाच्या नेत्यांनी तसे जाहीरच केले. ओलिसांच्या सुटकेच्या वाटाघाटीसाठी आमचे सरकार कोणताही प्रतिनिधी पाठवणार नाही, आणि इतरांनाही जाऊ नका असे सांगू.

हा तर्क मला चुकीचा वाटत नाही. पण ज्याचा नवरा बगदादजवळच्या एखाद्या वीजकेंद्रात झोपतो, तिला हा तर्क सांगून बघा. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत अशा बायकांनी, नातेवाइकांनी गट बांधले. पत्रे लिहिली, खासदारांचे उंबरे झिजवले. काही जणी थेट बगदादला गेल्या. सरकारे म्हणत होती, धीर धरा. त्या म्हणत होत्या, तुमचा धीर आमच्या माणसाच्या जिवावर आहे.

मग नेत्यांची रांग लागली. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाचे अध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम जाऊन आपल्या देशाची माणसे घेऊन आले. त्यानंतर अमेरिकेचे जेसी जॅक्सन गेले. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ गेले. त्यांच्याच पक्षाच्या मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या आणि त्यांना हे पसंत नव्हते. तरी हीथ तीसहून अधिक माणसे घेऊन परतले, त्यांत आजारी आणि वयस्क लोक होते. नोव्हेंबरमध्ये जपानचे माजी पंतप्रधान नाकासोने गेले. रोमची घोषणा होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा जर्मनीचे माजी चॅन्सलर विली ब्रँड गेले आणि वेगवेगळ्या देशांची पावणेदोनशेच्या आसपास माणसे घेऊन आले. शांततेचे नोबेल मिळालेल्या या माणसालाही सद्दामच्या हातचे खेळणे झाल्याचा ठपका ऐकावा लागला.

प्रत्येक भेटीत सद्दामला हवे ते मिळत होते. फोटो, बातमी, आणि ‘मी दयाळू आहे’ असे दाखवायची संधी. हे खरेच आहे. पण विमानातून उतरलेली माणसेही खरी होती.

मुहम्मद अलीचे बगदाद

या रांगेत एक माणूस वेगळा होता. त्याच्यामागे कोणते पद नव्हते, पक्ष नव्हता. मुहम्मद अली तेव्हा ४८ वर्षांचा होता. १९८४ मध्येच त्याच्या पार्किन्सनचे निदान झाले होते. हात थरथरत, बोलणे अडखळत असे. ज्या जिभेने एके काळी प्रतिस्पर्ध्यांना रिंगणात उतरण्याआधीच घायाळ केले, ती जीभ आता साथ देत नव्हती. तरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो बगदादला पोहोचला. अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल रॅम्से क्लार्क यांच्याशी संबंधित युद्धविरोधी गटाने ही भेट ठरवली होती.

अमेरिकन सरकारला हे आवडले नाही. वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. ज्याला धड बोलता येत नाही तो काय वाटाघाटी करणार, असा सूर होता. त्याआधी १९८५ मध्ये लेबनॉनमधल्या अमेरिकन ओलिसांसाठी तो बैरूतला जाऊन रिकाम्या हाताने परतला होता, तेही लोकांच्या लक्षात होते. यावर अली काही बोलला नाही. तो बगदादच्या रस्त्यांवर फिरला, मशिदीत गेला, मुलांमध्ये रमला. लोक त्याच्याभोवती गर्दी करायचे आणि तो कोणाला नाही म्हणत नसे. भेटीची वेळ मिळेना. दिवसामागून दिवस गेले. सोबत आणलेली औषधे संपली आणि त्याला उठणे, बोलणे कठीण झाले. बगदादमधल्याच एका रुग्णालयातून औषध मिळाले तेव्हा तो पुन्हा उभा राहिला.

२९ नोव्हेंबर १९९० रोजी सद्दामने त्याला भेट दिली. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६७८ मंजूर केला. इराकला १५ जानेवारीपर्यंत मुदत, नंतर बळाचा वापर. एकीकडे जगातली सगळ्यात मोठी धमकी आणि दुसरीकडे एक थरथरता माणूस. अलीने इतकेच कबूल केले की, मी परत जाऊन इराकमध्ये जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगेन. त्याच्या स्वाधीन १५ अमेरिकन केले गेले. २ डिसेंबरला तो त्यांना घेऊन निघाला.

व्हिएतनाममध्ये लढायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये ज्याचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला, त्याच माणसाने त्याच देशाची १५ माणसे घरी आणली. आपल्याकडे अलीचे फोटो दुकानांत, जिममध्ये लावलेले असतात, ठोसा उगारलेले. बगदादच्या हॉटेलात औषधाविना वाट पाहणारा अली मला त्याहून मोठा वाटतो. कुरआनात कैद्याला जेवू घालण्याचा उल्लेख गरीब आणि अनाथाच्या बरोबरीने येतो. कैदी कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारलेले नाही.

सुटका कशामुळे झाली?

६ डिसेंबरला सद्दामने सगळ्याच परदेशी ओलिसांना सोडण्याची घोषणा केली. मग श्रेय कोणाचे? निर्बंधांनी इराकचा तेलव्यापार थांबवला होता. युद्धाची मुदत ठरली होती. ३० नोव्हेंबरला अध्यक्ष बुश यांनी थेट बोलणी करण्याची तयारी दाखवली होती. ओलीस ठेवून हल्ला टळत नाही आणि जगाचा राग मात्र वाढतो, हे सद्दामला कळले असावे. यांतले कोणते एक कारण, हे सांगणे कठीण आहे.

मला वाटते, दडपणाने ओलिसांची किंमत कमी केली आणि दार ठोठवणाऱ्यांनी त्यांना विसरू दिले नाही. नुसते दडपण असते तर ती माणसे आकडा होऊन राहिली असती. नुसत्या विनवण्या असत्या तर सौदा वर्षानुवर्षे चालला असता. रोमची घोषणा आणि ब्रँडचे विमान एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण माणसे सुटायला बहुधा दोन्ही लागले.

ज्यांना कोणी ओलीस म्हटले नाही

कुवैतमध्ये तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. केरळचे, आंध्रचे, आपल्या मुंबई-कोकणातलेही. श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्सचे मजूर आणि घरकाम करणाऱ्या बायकाही होत्या. इराकने त्यांना वीजकेंद्रांवर नेऊन बसवले नाही. त्यामुळे जगाच्या हिशेबात ते ओलीस नव्हते. पण नोकरी गेली, बँकेतला पैसा अडकला आणि बंदीमुळे अन्नही आटले.

भारताचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दामने त्यांना मिठी मारली आणि त्या फोटोवरून गुजराल यांना देश-विदेशात पुष्कळ ऐकावे लागले. पण मार्ग खुला झाला. लोक बसने बसरा, बगदाद आणि वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या अम्मानपर्यंत गेले. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांनी सुमारे १ लाख ११ हजार माणसांना परत आणले. त्यांतली बहुतेक मुंबईत उतरली. २०१६ च्या ‘एअरलिफ्ट’ सिनेमात हे काम एका काल्पनिक नायकाने केलेले दिसते. खऱ्या कामाचे ओझे मात्र दूतावासातले लोक, विमान कर्मचारी आणि तिथल्या भारतीयांच्या समित्यांनी वाहिले.

मागे राहिलेल्यांसाठी अन्न पाठवायचे तर सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीची परवानगी लागत होती. १३ सप्टेंबरच्या ठराव ६६६ नंतर भारताला ती मिळाली आणि ‘विश्व सिद्धी’ हे जहाज सुमारे १० हजार टन अन्नधान्य घेऊन निघाले. स्वतःच्या नागरिकाला तांदूळ पाठवायलाही अर्ज करावा लागावा, हा निर्बंधांचा दुसरा चेहरा होता. पुढे इराकी जनतेने तो चेहरा २००३ पर्यंत पाहिला.

आणि शेवटी ते ६०५. युद्ध संपल्यावर हजारो कैदी रेड क्रॉसमार्फत परतले, पण कुवैतच्या यादीतली ६०५ माणसे परतली नाहीत. बहुतेक कुवैती, काही इतर देशांची. एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ मध्ये त्यांच्या परतीची अट होती. त्यांच्या घरच्यांनी समित्या केल्या, जगभर फोटो नेले. निर्बंध होते, ठराव होते, रेड क्रॉसच्या अध्यक्षतेखाली आयोग होता. १९९९ मध्ये इराकने त्या आयोगाच्या बैठकांना जाणेही थांबवले. त्याच वर्षाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांनी या कामासाठी खास समन्वयक नेमायचे ठरवले. सद्दामची सत्ता गेली तेव्हा सामूहिक कबरी उघडल्या आणि दोनशेहून अधिक जणांचे अवशेष ओळखता आले. त्यांची वाट पाहणाऱ्या आयांपैकी कित्येक तोवर गेल्या होत्या.

वीजकेंद्रावरच्या ब्रिटिश माणसासाठी माजी पंतप्रधान गेला, अमेरिकन माणसासाठी अली गेला. बसऱ्याकडे नेलेल्या कुवैती मुलासाठी त्याच्या आईशिवाय जाणारे कोणी नव्हते. आजही कुठे युद्ध पेटले, माणसे ओलीस गेली की आपण आधी त्यांचा देश, धर्म, बाजू विचारतो आणि मग दुःख किती करायचे ते ठरवतो. एका बाजूचे ओलीस ‘निष्पाप’ आणि दुसऱ्या बाजूचे कैदी ‘पकडलेले’. शब्द बदलून माणसाची किंमत बदलायची हीच युक्ती सद्दामने ‘पाहुणे’ म्हणून केली होती.

रहन म्हणजे गहाण. गहाण ठेवलेली वस्तू मालक सोडवतो. माणसाचा मालक कोणी नसतो, म्हणून त्याला सोडवण्याची जबाबदारी सगळ्यांवर येते, ज्यांची त्याच्याशी ओळखही नाही अशांवरसुद्धा.