तालमीचा हिशोब

मंडळी, पूर्वी एखाद्या पेठेत तालीम काढायला काय खर्च येत असेल? मला हा प्रश्न परवापासून छळतोय. कारण पुढे सांगतो, आधी तालमीचंच बघू.

सामान म्हणाल तर मोजकं. तांबड्या मातीचा हौदा, त्या मातीत मुरवायला ताक, तेल, हळद, लिंबू. एक मल्लखांब, दोन-चार करेल, एखादी गदा, दगडी गोट्या आणि कोनाड्यात मारुती. गावचा सुतार आणि पाथरवट एवढ्यात काम भागवत. हौदा रोज उकरावा लागे, पण त्याला मजूर नसे. पोरंच फावडं घेऊन उतरायची. तोही व्यायामच!

मग खर्च कुठे होता? दोन ठिकाणी. एक जागा आणि दुसरा खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई हे एक दिवसाचं काम नव्हे. पैलवान जितकी वर्षं कुस्ती खेळणार तितकी वर्षं ते रोज लागणार.

कोल्हापूरकडे बघितलं की हे नीट कळतं. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले आणि कुस्तीचे दिवस पालटले. मल्लांना दरबारचा आश्रय मिळाला. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. आपल्याला ते मैदान दिसतं, कारण ते दगडाचं आहे. पण पैलवानाच्या पोटात गेलेला दरबारी खुराक कुठे दिसत नाही. माझ्या मते कोल्हापूरची कुस्ती उभी राहिली ती त्या न दिसणाऱ्या रकान्यावर.

१९२२ मध्ये महाराज गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हौदे तिथेच राहिले, माती तीच राहिली, पण पाठीशी असलेला दरबार गेला. मग भार आला वर्गणीवर, पेठेवर आणि मुख्यतः पैलवानाच्या घरावर. गावाकडे बापाने म्हैस पाळायची आणि पोराने शहरात तालमीत राहायचं. पुष्कळ तालमींनी आपलं रूपही बदललं. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं बघा : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. नावात तालीम आणि पायात चेंडू! यात वाईट काही नाही. पेठेने तालीम सोडली नाही, म्हणून ती टिकली.

दुसरं उदाहरण अमरावतीचं. तिथे दरबार नव्हता. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला, तेच पुढचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ मध्ये त्यांचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. ते मंडळ आजही चालू आहे. राजा नसेल तर संस्था लागते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आता कारण सांगतो. माझ्या भाच्याला जिम काढायची आहे आणि ताई त्यासाठी मुदत ठेवी मोडायला निघाली आहे. त्याने मला खर्चाचा तक्ता पाठवला. ट्रेडमिल, डंबेल, आरसे, रबरी फरशी, एसी, सगळं किमतीसकट. म्हणजे मल्लखांब आणि गदा अगदी बारकाईने लिहिलेली. खुराकाचा रकाना मात्र कोरा!

समजा, भाडं महिना ५० हजार, दोन ट्रेनरचे ४० हजार, वीज-सफाई-दुरुस्तीचे ३० हजार. झाले १ लाख २० हजार. करापूर्वीची फी हजार धरली तर १२० जण दर महिन्याला पैसे भरतील तेव्हा कुठे बरोबरी होणार. जानेवारीत १२० येतीलही. पण जून-जुलैच्या पावसात? शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण यंत्रांवर आणि भाड्यावर भरलेला कर आता त्यातून वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरायचा.

त्याला मी एवढंच कळवलं की यंत्रं निम्मी घे, जुनी चालतील. पण सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवल्याशिवाय कुलूप उघडू नकोस. आणि आईच्या सगळ्या ठेवींना हात लावू नकोस. तुझ्यामागे दरबार नाही, ती एकटीच आहे.

असो. व्यायामाची जागा उघडणं तसं सोपं, ती रोज चालवणं कठीण. हौद्याची माती चार दिवस उकरली नाही तर दगडासारखी होते, हे कुठलाही वस्ताद सांगेल.

तुमच्या पेठेत किंवा गावात जुनी तालीम असेल तर तिचा खर्च कोण उचलायचं, आता कोण उचलतं, हे जरूर लिहा. वाचायला आवडेल.