गिरणगावचे ताट आणि वाण्याची वही

मुंबईच्या गिरणगावात कामगाराच्या ताटात काय पडायचे, हे पगाराच्या आकड्याइतकेच पगाराच्या तारखेवर ठरत असे. शहरातली पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे आली. गावी धान्य थोडे असले तरी घरच्या शेतातले असे. मुंबईत ज्वारी, तांदूळ, डाळ, मीठमिरची आणि सरपणसुद्धा विकतच घ्यावे लागे, आणि गिरणीचा पगार हाती पडे तो पुढचा महिना निम्मा उलटता उलटता.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने 1921-22 मध्ये 2473 कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. फिंडले शिरस यांनी तयार केलेला त्याचा अहवाल 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत 52 रुपयांच्या आसपास होती आणि खर्चातले जवळपास 57 टक्के केवळ अन्नावर जात. या अहवालातला सर्वांत बोचरा निष्कर्ष मात्र रुपयांचा नाही, धान्याच्या मापाचा आहे. दुष्काळी कामावरच्या मजुराला दुष्काळ संहितेनुसार जास्तीत जास्त जेवढे धान्य मिळे, तेवढे गिरणी कामगार खात होता. तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेला आहार मात्र त्याहून अधिक होता. दिवसभर यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पोट कैद्यापेक्षा कमी भरत होते, हे सरकारच्याच कागदावर नोंदले गेले. शिवाय ही तुलना धान्याची होती. दूध, तूप, फळे आणि भाजीपाला कामगाराच्या ताटात येई तो जेमतेमच. शरीर चालते राहील इतके पिष्ट पोटात जाई; झीज भरून काढणारे अन्न महाग असल्याने पहिली कात्री त्यालाच लागे.

पगार होईपर्यंतचे दिवस निघत ते वाण्याच्या उधारीवर. वहीवर माल घेणाऱ्याला भावाची घासाघीस करता येत नसे, दुकान बदलता येत नसे आणि दाण्यात खडे निघाले तरी गप्प बसावे लागे. पाहणीतली 47 टक्के कुटुंबे कर्जात होती. सावकाराचा नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला 75 टक्के. त्यामुळे तेवढ्याच मिळकतीत कर्जदार घराचे ताट बिनकर्जी घरापेक्षा हलके असे. बदली कामगाराची स्थिती आणखी बिकट होती. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहिल्यावर काम मिळेल की नाही, हेच त्याला ठाऊक नसे. मग वाणी तरी त्याला उधार किती देणार?

मिळकतीच्या ओढीचा सर्वांत मोठा भार बाया आणि तान्ही मुले सोसत. कामाची पाळी चुकली तर पगार कापला जाई, म्हणून अंगावर पिणारे मूल घरी ठेवून आईला गिरणी गाठावी लागे. मूल झोपून राहावे यासाठी त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल सर्रास होती. भूक लागली तरी गुंगीतले मूल रडत नसे आणि दुधाविना वाळत जाई. पाहणीतली 97 टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत. एका खोलीच्या घरांतला बालमृत्यूचा दर मोठ्या घरांच्या कितीतरी पट नोंदला गेला. बाळंतपणाला गावी जाण्याच्या रीतीमुळे बरेच जन्म मुंबईच्या दप्तरात येत नसत आणि त्याने हे आकडे फुगले. पण ती सूट देऊनही फरक भयंकरच उरतो. मुंबई प्रांताने 1929 मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला, तेव्हा कुठे बाळंतिणीला कामाबाहेरच्या काही आठवड्यांचे पैसे मिळू लागले.

एकट्या पुरुषांची सोय खानावळीत होई. दहा-वीस गाववाले एका गाळ्यात राहत आणि जवळच्या चाळीतली एखादी बाई त्यांना दोन वेळचे जेवण घाली. गावी जाणाऱ्याचे खाडे हिशेबातून वजा होत. मेंबरांचा पगार लांबला की तिची वाण्याकडची उधारी वाढे आणि आमटी पातळ होई. तिला स्वतःला उरलेसुरले मिळे. गिरणगावच्या पोषणाचा इतिहास लिहिताना हिचे ताट सहसा कोणी मोजत नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आले. धान्य अनेकदा निकृष्ट असे. तरी ठरल्या भावाने ठरलेले माप मिळण्याची हमी गरीब घरांना प्रथमच लाभली. निर्वाह खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ताही याच काळात रुळला. धान्याचा भाव चढला की पगारातही थोडी भर पडू लागली. खानावळवाल्या बायांना मात्र हा भत्ता नव्हता. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका होऊ लागली. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यानंतर अनेक जण गिरणीत परतलेच नाहीत, आणि त्यांच्या पगारावर चालणाऱ्या खानावळींनाही मेंबर उरले नाहीत.