दोन पट्ट्यांची गाठ

सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहावा. नेढे समोर असते, दोरा हातात असतो. परंतु दोहोंमधले अंतर काही केल्या उमगत नाही. आपले डोळे एकमेकांपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटरवर असल्याने प्रत्येकाला किंचित निराळे दृश्य दिसते, आणि त्या दोहोंच्या मेळातून खोलपणा जाणवतो. त्रिमिती चित्रपटाचे रहस्य एवढेच.

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी असे चित्रपट काढले, तेही नकळत! १९०२ सालची त्यांची 'चंद्रावरील सफर' अमेरिकेत गाजली, पण चोरून काढलेल्या प्रतींवर पैसा भलत्यांनीच केला. म्हणून १९०३ मध्ये त्यांनी भाऊ गास्तों यांच्याकरवी न्यूयॉर्कला कचेरी उघडली. तिला स्वतंत्र निगेटिव्ह हवी होती. तोच प्रसंग दोनदा चित्रित करावा तर खर्च दुप्पट, आणि जादूची करामत दुसऱ्यांदा हुबेहूब साधेलच असे नाही. तेव्हा दोन भिंगे शेजारी-शेजारी ठेवून एकाच वेळी दोन निगेटिव्ह घेण्याची युक्ती त्यांनी काढली. एक पॅरिससाठी, दुसरी अमेरिकेसाठी. हेतू निव्वळ व्यापारी होता.

पुढे धंदा बुडाला. १९२३ मध्ये मेलिएस यांनी जवळच्या निगेटिव्ह स्वतःच जाळून टाकल्या. नंतर पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनात खेळणी विकून त्यांनी दिवस काढले. १९३८ मध्ये ते वारले. पाचशेहून अधिक चित्रपटांपैकी आज सुमारे दोनशे उरले आहेत.

जुन्या चित्रपटांचे संग्राहक सर्ज ब्रोमबर्ग यांनी एकाच चित्रपटाची फ्रेंच प्रत आणि अमेरिकन प्रत जुळवून पाहिली. चौकटीमागून चौकट लावत एक पट्टी डाव्या डोळ्यासाठी व दुसरी उजव्यासाठी योजताच सपाट चित्राला खोली आली. १९०३ सालचे 'नरकातील काहील' आणि 'डेल्फीची देववाणी' हे लघुपट जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये अशा रूपात दाखविण्यात आले.

पहिला लघुपट दोन मिनिटांचाही नाही. एक सैतान तीन जिवांना उकळत्या काहिलीत लोटतो. त्यांची भुते वर तरंगतात, त्यांचे आगीचे गोळे होतात, आणि अखेर भ्यालेला सैतान स्वतःच काहिलीत उडी घेतो. धर्मशिकवणीच्या जुन्या चित्रांत नरक पाहिलेल्या आमच्या पिढीला हा सैतान गंमतीचाच वाटेल. त्रिमितीत मात्र मौज निराळी: रंगविलेले पडदे एकामागे एक सुटे दिसतात आणि त्यांच्या पुढे नट खऱ्या जागेत वावरतात. स्टुडिओची लांबी-रुंदी जणू डोळ्यांनी मोजता येते.

मेलिएस यांना त्रिमितीचे जनक म्हणणारे उत्साही लोक भेटतात. आम्हाला ते पटत नाही. ज्याने आपल्या दोन पट्ट्या कधी एकत्र पाहिल्या नाहीत, त्याच्या माथी हे श्रेय कशाला मारावे? उलट, कर्त्यालाही न दिसलेले रूप शतकानंतर आपण पाहतो आहोत, हेच आम्हाला अधिक विलक्षण वाटते. शिवाय हा योग क्वचितचा. त्या काळच्या दोन्ही प्रती शाबूत असल्या तरच ही जोडी जमते. एरवी एक पट्टी सापडते आणि तिची जोडीदार १९२३ च्या त्या आगीत किंवा आणखी कुठे नाहीशी झालेली असते.